‘काय कापतात?’ आणि ‘कशाने कापतात?’: चित्र दाखवणारं मूल प्रश्न ऐकतंय का?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. मुलगा पाच वर्षांचा आहे, ऑटिझमचं निदान झालेलं आहे. साठ-सत्तर चित्रं तो नावानं ओळखतो. ‘सुरी दाखव’ म्हटलं की सुरीवर बोट ठेवतो. पण ‘कशाने कापतात?’ विचारलं की कधी सुरी देतो, कधी कांदा, कधी डावीकडे जे असेल ते, आणि कधी नुसता प्रश्नच परत म्हणतो. रोज सराव होतो, तरी महिनोन्‌महिने तो तिथंच आहे. आईने विचारलंय: त्याला प्रश्न समजत नाहीत, की त्याचं लक्षच नसतं?

त्याचं लक्ष नसतं असं कृपा करून समजू नका. जे मूल कधी सुरी देतं आणि कधी कांदा, पण त्याच टेबलावरचं कपड्यांचं चित्र सहसा देत नाही, त्याने ‘कापतात’ नक्की ऐकलेलं असतं. त्याच्या कानातून निसटतंय ते ‘कशाने’. डावीकडचं चित्र देणारं मूलही रिकामं बसलेलं नसतं. ‘डावीकडचं दिलं की बऱ्याचदा मिळतं’ हे त्याने आपल्या मांडणीतून शिकलेलं असतं. म्हणून मी पालकांना आणि नव्या थेरपिस्टना एकच कसोटी लावायला सांगते. प्रत्येक ट्रायलच्या, म्हणजे चित्रं मांडून एकदा प्रश्न विचारण्याच्या, आधी स्वतःला विचारा: हा प्रश्न ऐकूच आला नसता, तरी याला बरोबर चित्र उचलता आलं असतं का? उत्तर ‘हो’ असेल, तर त्या ट्रायलमध्ये प्रश्न शिकवला गेलाच नाही.

न ऐकता बरोबर येण्याच्या वाटा खूप आहेत. टेबलावर एकच चित्र असतं. एकच प्रश्न पाच वेळा ओळीने विचारला जातो. आपण बरोबर चित्र नेहमी शेवटी ठेवतो. तीन प्राण्यांच्या चित्रांत एकटी सुरी ठेवून ‘कशाने कापतात?’ विचारतो. मागच्या वेळी ज्या चित्राला शाबासकी मिळाली तेच पुन्हा बरोबर असतं. मुलं या सगळ्या वाटा शोधतात, कारण त्या सोप्या असतात. डिस्क्रिमिनेशन ट्रेनिंग (फरक ओळखायला शिकवणं) म्हणजे या वाटा एकेक करून बंद करायच्या आणि प्रश्न ऐकण्याची एकच वाट उघडी ठेवायची.

‘सुरी दाखव’ आणि ‘कशाने कापतात?’ या दोन गोष्टी दिसतात त्यापेक्षा खूप वेगळ्या आहेत. पहिल्यात उत्तर सूचनेतच आहे: एक आवाज, एक चित्र. दुसऱ्यात ‘सुरी’ हा शब्दच नाही. शिवाय सुरीचं तेच चित्र एका प्रश्नाला बरोबर आणि पुढच्याच प्रश्नाला चूक असतं. चित्र तेच राहतं आणि बरोबर-चूक प्रश्न ठरवतो, याला कंडिशनल डिस्क्रिमिनेशन म्हणतात. नावं येणाऱ्या मुलाला प्रश्न आपोआप येतील ही अपेक्षा इथेच चुकते.

त्यात मराठी प्रश्नाची घडण लक्षात घ्या. आपलं क्रियापद शेवटी येतं. ‘काय कापतात?’, ‘कशाने कापतात?’, ‘कशावर कापतात?’, ‘कोण कापतं?’ या सगळ्यांत शेवटी कानात राहतं ते कापणं, आणि फरक असतो तो आधीच्या छोट्या शब्दात, कधी कधी तर त्याच्या प्रत्ययात: कशाने, कशात, कशावर, कशाला. जी मुलं ऐकलेलं परत म्हणतात त्यांच्याकडे बारकाईने लक्ष द्या. बरीचशी शेवटचा तुकडाच उचलतात. इंग्रजी पुस्तकातले ‘व्हॉट’, ‘व्हेअर’, ‘हू’चे तक्ते भाषांतर करून वापरले की ही अडचण झाकली जाते, म्हणून आपले प्रश्न आपणच बांधावे लागतात.

एकाच गोष्टीच्या अनेक अंगांपैकी एकच धरून ठेवायचं, या सवयीवर जुनं संशोधन आहे. कॅलिफोर्नियात ईव्हार लोवास, लॉरा श्राइबमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये मुलांना प्रकाश, आवाज आणि स्पर्श एकत्र आल्यावर प्रतिसाद द्यायला शिकवलं. नंतर तिन्ही वेगवेगळे तपासले, तेव्हा ऑटिझम असलेली मुलं मुख्यतः एकाच घटकाला प्रतिसाद देत होती. पुढे असंही दिसलं की हे फक्त ऑटिझममध्येच घडतं असं नाही, इतर विकासात्मक अडचणी असलेल्या मुलांतही दिसतं. तुमच्या मुलाचं ‘कापतात’ धरून ‘कशाने’ सोडणं याच जातीचं आहे. तो हट्ट नाही आणि आळसही नाही.

आता कामाचं बोलू. पण त्याआधी एक गोष्ट झालेली नसेल तर बाकी सगळं थांबवा: कानांची तपासणी. चिप्सच्या पुडीच्या आवाजाला वळून बघतो म्हणून ऐकू येतं, असं धरू नका. ‘श’, ‘स’ हे उच्च वारंवारतेचे, हलके आवाज असतात. तेवढेच नीट न ऐकू येणारं मूल हाकेला ओ देतं, पण ‘कशाने’ त्याला अर्धंच मिळतं. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत मधल्या कानात पाणी साचूनही ऐकणं कमी-जास्त होतं. ऑडिओलॉजिस्टकडे जा, गरज पडली तर ते बेरा टेस्ट (आवाजाला मेंदूकडून येणारा प्रतिसाद मोजणारी तपासणी) सांगतील. मुंबईत वांद्र्याला श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. इतर जिल्ह्यांत, २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा.

कान ठीक असतील तर पुढचं तपासा. सारख्याला सारखं चित्र जुळवतो का? समोरच्या तीन-चार चित्रांवरून नजर फिरवतो का, की पहिलं दिसलं तेच उचलतो? वापरणार ती सगळी चित्रं नावाने ओळखतो का? ‘कापून दाखव’, ‘धुऊन दाखव’ म्हटल्यावर कृती करतो का? शेवटचं नसेल तर आधी ते शिकवा. ‘कापणं’ म्हणजे काय हे हातांना माहीत नसेल, तर ‘कशाने कापतात?’ हा त्याच्यासाठी नुसता लांब आवाज असतो.

सुरुवात तीन प्रश्नांनी करा: ‘पायात काय घालतात?’, ‘डोक्यावर काय घालतात?’, ‘बोटात काय घालतात?’ चित्रं चप्पल, टोपी, अंगठी. क्रियापद मुद्दाम एकच ठेवलंय, म्हणजे शेवटचा शब्द धरून चालणार नाही, आधीचं ऐकावंच लागेल. तीनही प्रश्न पहिल्या दिवसापासून मिसळून विचारा. आपल्याकडे अजून अनेक ठिकाणी आधी एकटी चप्पल, मग चप्पल आणि कोरं कार्ड, मग चप्पल आणि टोपी अशा पायऱ्यांनी शिकवतात. ते दिसायला सोपं असतं, पण पहिल्या पायऱ्यांवर ऐकण्याची गरजच नसते, आणि न ऐकण्याची सवय तिथंच पक्की होते. लॉरा ग्रो आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ऑटिझम असलेल्या मुलांबरोबर या दोन पद्धती ताडून पाहिल्या. सुरुवातीपासून मिसळून शिकवणं एकंदरीत जास्त परिणामकारक ठरलं. माझ्या कामातही मी तेच पाहत आले आहे.

मिसळायचं म्हणजे मनाला येईल तसं नाही. आपलं मन नकळत साचे बनवतं. क्रम आधी वहीत लिहून ठेवा. नऊ ट्रायलचा हा एक क्रम जसाच्या तसा वापरा. प्रश्न: पायात, डोक्यावर, बोटात, डोक्यावर, पायात, बोटात, पायात, बोटात, डोक्यावर. बरोबर चित्राची जागा: डावी, उजवी, उजवी, डावी, मधली, मधली, उजवी, डावी, मधली. प्रत्येक प्रश्न तीनदा येतो, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर एकदा डावीकडे, एकदा मधे, एकदा उजवीकडे असतं. दुसऱ्या दिवशी क्रम बदला, तोल मात्र हाच ठेवा. चित्रं एकाच आकाराची, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे साधे फोटो असू द्यात. एखाद्या कार्डाचा कोपरा दुमडला असेल तर ते बदला. मुलं कोपरा बघून कार्ड ओळखतात.

एक ट्रायल कशी घ्यायची ते नीट सांगते, कारण फरक इथेच पडतो. तिन्ही चित्रं एकदम समोर ठेवा. एखाद्या पुठ्ठ्यावर आधी मांडून पुठ्ठाच पुढे सरकवला तर उत्तम. मुलाला प्रत्येक चित्रावर बोट ठेवू द्या किंवा निदान नजर फिरवू द्या. मग प्रश्न विचारा, एकदाच, नेहमीच्या आवाजात. तो उत्तर देईपर्यंत प्रश्न पुन्हा पुन्हा म्हणू नका. चौथ्यांदा विचारलेला प्रश्न पहिल्यांदा ऐकण्याची गरज संपवतो.

पहिल्या एक-दोन सेशनमध्ये प्रश्न संपताक्षणीच बरोबर चित्राकडे बोट दाखवा, चुकायला वावच ठेवू नका. नंतर प्रश्न आणि बोट यांत दोन सेकंदांची जागा सोडा, मग चारची. मदत येण्याआधीच मूल स्वतः उचलू लागतं, त्या क्षणाची आपण वाट पाहत असतो. पॉल टशेट यांनी १९७१ मध्ये मांडलेली ही उशीर वाढवत नेण्याची रीत आजही घरी वापरायला सर्वांत सुरक्षित आहे, कारण तिच्यात चुकांचा ढीग साचत नाही. स्वतःहून दिलेल्या उत्तराला त्याला खरोखर हवं असलेलं काहीतरी लगेच द्या. मदतीने दिलेल्या उत्तराला नुसतं ‘हो, चप्पल’ पुरे. दोन्हींना सारखंच मिळालं, तर मदतीची वाट बघत बसणं त्याच्या दृष्टीने शहाणपणाचं ठरतं.

चूक झाली तर ‘नाही’, ‘अरे नीट बघ’ असं काही म्हणू नका. चित्रं मागे घ्या, पुन्हा ठेवा, प्रश्न विचारा, लगेच बोट दाखवा. मधे एक सोपी, त्याला येणारी गोष्ट करून घ्या आणि मग तोच प्रश्न मदतीशिवाय विचारून बघा. मूल चित्रं ढकलत असेल, उठून जात असेल, तर ते त्याचं सांगणं आहे. तेवढ्यावर सेशन थांबवा. दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं हे त्याच्या वयाला भरपूर आहे, आणि जबरदस्तीने घेतलेल्या तासात मूल फक्त सुटका कशी करून घ्यायची ते शिकतं.

नऊपैकी आठ किंवा नऊ उत्तरं सलग दोन-तीन दिवस स्वतःहून बरोबर आली की पुढच्या मांडणीकडे वळा. मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या मांडणीत आहे. प्रश्न चार: ‘काय कापतात?’, ‘कशाने कापतात?’, ‘काय धुतात?’, ‘कशाने धुतात?’ चित्रं चार: कांदा, सुरी, कपडे, साबण. चारही एकाच वेळी समोर. इथे नुसतं ‘कापतात’ ऐकून भागत नाही, नुसतं ‘कशाने’ ऐकूनही भागत नाही. दोन्ही ऐकावंच लागतं. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर चारही जागी एकेकदा यायला हवं, म्हणजे १६ ट्रायल. आठ सकाळी, आठ संध्याकाळी घ्या.

या मांडणीत नुसतं बरोबर-चूक लिहू नका, त्याने कोणतं चित्र उचललं ते लिहा. आठवड्याने वही उघडली की चुका स्वतःच बोलतात. ‘कशाने कापतात?’ला कांदा आणि ‘कशाने धुतात?’ला कपडे येत असतील, तर तो क्रियापद ऐकतोय आणि प्रश्नाचा शब्द सोडतोय. ‘कशाने कापतात?’ला साबण येत असेल, तर उलट. चूक नेहमी एकाच जागेवर येत असेल, तर तो प्रश्न सोडून जागा धरतोय. एकच चित्र सारखं येत असेल, तर ते त्याच्या आवडीचं तरी आहे किंवा त्यावर शाबासकी जास्त पडली आहे. आणि आकड्याकडे बघा: चार चित्रांत नुसत्या अंदाजाने शेकडा २५ बरोबर येतात, अर्धा प्रश्न ऐकणाऱ्याला शेकडा ५०. म्हणून निम्म्यावर अडकलेला आकडा ‘अर्धं येतंय, अजून सराव हवा’ असं सांगत नाही. तो सांगतो की प्रश्नाचा एक तुकडा ऐकला जात नाहीये, आणि तसाच सराव वाढवून तो तुकडा ऐकू येणार नाही.

मग काय करायचं? तो सोडत असलेला तुकडा त्याच्याकडून म्हणून घ्यायचा. ‘कशाने कापतात?’ विचारा, त्याला ‘कशाने’ म्हणू द्या, आणि मगच चित्रं पुढे सरकवा. बोलत नसलेल्या मुलाचं क्रियापद सुटत असेल तर हाताने कापण्याची कृती करून घ्या. प्रश्न परत म्हणण्याची त्याची सवय इथे तुमच्या उपयोगी पडते. ती मोडायच्या मागे लागू नका, तिला योग्य जागा द्या. ‘कशाऽऽने’ असं लांबवून, जोर देऊन म्हणणंही चालेल, पण तो प्रॉम्प्ट, म्हणजे आपण दिलेली मदत आहे हे विसरू नका. बोट दाखवणं जसं कमी केलंत, तसा आवाजातला जोरही उतरवत नेला पाहिजे, नाहीतर शाळेत बाई साध्या आवाजात विचारतील तेव्हा तो पुन्हा अडेल.

आपल्याकडून जाणाऱ्या न दिसणाऱ्या खुणांबद्दल थोडं थांबून सांगते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन यांचा हान्स नावाचा घोडा गणितं सोडवतो म्हणून गाजला होता. खुराने ठोके देऊन तो उत्तर सांगे. ऑस्कर फुंग्स्ट यांनी बारकाईने तपासणी केली आणि १९०७ मध्ये दाखवून दिलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, तर घोड्यालाही ते येत नाही. ठोके बरोबर आकड्याला पोचले की विचारणाऱ्याच्या मानेत, अंगात नकळत बारीकशी हालचाल होई, आणि घोडा ती टिपत होता. फॉन ओस्टेन फसवत नव्हते, त्यांना स्वतःलाच ते माहीत नव्हतं. आईचं तर आपल्या मुलाने बरोबर उत्तर द्यावं म्हणून सगळं अंग ताणलेलं असतं. डोळे चित्राकडे जातात, श्वास थांबतो, हात किंचित पुढे येतो. फोन स्टँडवर ठेवून एक सेशन रेकॉर्ड करा आणि आवाज बंद करून बघा. आवाजाशिवाय तुम्हाला उत्तर ओळखता आलं, तर त्यालाही येतंय. मग प्रश्न विचारताना त्याच्या कपाळाकडे बघा, हात मांडीवर ठेवा. किंवा चित्रं अशी धरा की ती फक्त त्याला दिसतील आणि तुम्हाला नाही. मागे बसलेल्या बाबांना वहीत लिहू द्या.

मांडणी पक्की झाली की ती मोकळी करा. सुरीचे तीन वेगळे फोटो, साबण कधी वडी, कधी पावडरीचा डबा. घरात आजी ‘कशानं कापत्यात?’ म्हणत असेल तर तिलाही विचारू द्या. ती चुकीचं शिकवत नाही. तिच्या बोलीतही त्याला उत्तर देता यायला हवं. नवी क्रियापदं आणा: ‘काय पुसतात? कशाने पुसतात?’, फरशी आणि फडकं. ‘काय खातात? कशात खातात?’, पोळी आणि ताट. आता एक बघा: न शिकवता, पहिल्यांदाच विचारलेल्या ‘कशाने पुसतात?’ला तो फडकं देतो का? दिलं, तर त्याने नुसती चार उत्तरं पाठ केली नाहीत, ‘कशाने’ या शब्दाला पकडलंय. नाही दिलं तर निराश होऊ नका, तिसरी-चौथी जोडी शिकवा आणि पाचवी न शिकवता तपासा. हे पाऊल उचललं गेलं की मला स्वतःला फार आनंद होतो, कारण इथून पुढे प्रत्येक प्रश्न वेगळा शिकवावा लागत नाही.

स्वयंपाकघरात हे सगळं खऱ्या वस्तूंनी करा. भेंडी ओट्यावर आहे आणि ‘कशाने कापू?’ म्हणून तुम्ही हात पुढे केलात, तर धारेच्या सुरीऐवजी सोलाणं किंवा बोथट प्लॅस्टिकची सुरी त्याच्या हाताशी ठेवलेली असू द्या. टेबलावरच्या चित्रांचं काम यासाठीच असतं.

चित्र दाखवता आलं म्हणजे तोंडी उत्तर येईलच असं नाही; काही मुलांचं येतं, काहींचं वेगळं शिकवावं लागतं. तो चित्रांची नावं बोलतो, म्हणून रस्ता सोपा आहे. ‘कशाने कापतात?’ विचारा, चित्र उचलू द्या, नाव म्हणू द्या. मग चित्र उलटं ठेवून विचारा, मग चित्राशिवाय. तिथे तो पुन्हा ‘कशाने कापतात?’ असंच म्हणाला, तर एक क्षण चित्राचा कोपरा दाखवा, एवढंच.

लिखित शब्दांची आवड असेल तर तीही वापरा. मरे सिडमन यांनी १९७१ मध्ये तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या एका १७ वर्षांच्या मुलाबरोबर काम केलं. त्याला ऐकलेल्या शब्दाचं चित्र दाखवता येत होतं, वाचता येत नव्हतं. ऐकलेल्या शब्दाशी छापील शब्द जुळवायला शिकवल्यावर छापील शब्द आणि चित्र यांची जोडी तो वेगळी न शिकवताच लावू लागला. म्हणजे ऐकणं आणि चित्र यांचा धागा पक्का असेल, तर त्यावर वाचन चढवता येतं. चार प्रश्नांची मांडणी जमल्यावर चित्रांच्या जागी ‘सुरी’, ‘साबण’ अशी शब्दपट्टी ठेवून बघायला हरकत नाही.

‘कोण’ आणि ‘कुठे’ याच रीतीने शिकवता येतात, फक्त माणसांचे आणि जागांचे फोटो घरचे घ्या, ‘कुठे झोपतात?’ला तुमचाच पलंग हवा. ‘कधी’ आणि ‘का’ मात्र चित्रांवर शिकवू नका. ‘कधी झोपतात?’ला चंद्राचं चित्र दिलं, तर मूल चंद्र उचलायला शिकतं, रात्र ही वेळ आहे हे त्याला त्यातून कळत नाही. त्या दोन प्रश्नांसाठी त्याच्या दिवसातले खरे प्रसंग वापरावे लागतात, आणि ते काम ‘काय’, ‘कशाने’, ‘कोण’, ‘कुठे’ हे चारही मिसळून विचारल्यावर स्वच्छ येऊ लागेपर्यंत हातात घेऊ नका.